एकदा उजवी पडल्यावर

८ ऑक्टोबर, बुधवार

पेडण्याची पुनवेची जत्रा होऊन गेली तरी रस्त्यावरचे खाजेवाले उठलेले नाहीत. बस तिथेच अडकली. समुद्रसंशोधन संस्थेत पोचले तर माझा सहाय्यक गावस माझ्याहूनही मागे. तो साखळीहून दोन बस बदलून येतो, ठाऊक आहे. पण समुद्रावर दाब उतरायला लागला असताना उशीर चालत नाही. तसं सुनावलं.

"मॅडम, वाळवंटी नदीचं पाणी बाजारात शिरलंय. ऑक्टोबरात! भाजीवाल्या स्टुलावर उभ्या राहून वांगी विकतायत."

म्हटलं, पुराची बातमी मी पेपरात वाचीन, तू मॉडेलचा रन लाव.

दुपारी कॉलेजच्या मुली मॉडेल बघायला आल्या. दर वर्षी तेच सांगते. वादळ समुद्राच्या उष्णतेवर जगतं. पण त्याचाच वारा समुद्र घुसळतो, खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळाचं खाणं तुटतं. नुसत्या हवेचं मॉडेल समुद्राला ताटात वाढलेल्या भातासारखं धरून चालतं, ढवळला न जाणारा. आमच्या मॉडेलात दोघं एकमेकांना उत्तर देतात. एकीने विचारलं, "म्हणजे नवरा-बायकोसारखे?" बाकीच्या हसल्या. मी म्हटलं, नाही, ते एकमेकांचं ऐकतात.

लक्षद्वीपच्या बाजूला ढगांचा पुंजका. आज नुसता पुंजका.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुंजक्याला आकार आला. उत्तरेकडे सरकणार, किनाऱ्याला धरून, पण बराच आत. बहुतेक सगळ्या रनमध्ये गोव्याच्या समोर येईपर्यंत दम सुटतो. समुद्र थंड पडतो, वादळ बसतं. गावस खूष. "बघा, स्वतःचंच ताट थंड करून घेतलं." थोडे रन मात्र बसत नाहीत. का बसत नाहीत ते बघायला हवं. उद्या.

सरकारी सूचना आपल्या किनाऱ्याला अजून एवढीच, की सावध राहा. दक्षिणेच्या बोटींना जाऊ नका म्हटलंय.

सुमनचा फोन. बाबलची बायको. माझा पाठचा भाऊ बाबल मोरजीला असतो, शापोऱ्याच्या एका ट्रॉलरवर तांडेल. बोट त्याच्या शब्दावर निघते आणि त्याच्या शब्दावर थांबते. सु. म्हणते चार दिवस बोट नांगरून आहे, हा घरात बसून सगळ्यांना शिकवतो, भातात मीठ किती घालायचं ते सुद्धा. "खंयतरी पाठवा ह्यांका, ताई."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हे नीट लिहून ठेवते.

सकाळी पोदेर पाव देऊन गेला, मी चहा घेत होते. बा.चा फोन. थेट देवळातून. निघण्याआधी तो देवीला प्रसाद लावतो, वडीलही लावायचे. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा. मी लहानपणी पाहिलेलं. पुढे वाद घातले, आता घालत नाही.

म्हणाला, "ताई, आज देवीन पाकळी धरून ठेवल्यान. उजवी नाय, डावी नाय. गुरव वाट बघून कंटाळलो. म्हणता, दुसऱ्या कोणाक तरी विचार. आता तुझ्याशिवाय दुसरो कोण आसा? तू सांग."

मी सांगायला लागले. बहुतेक रन असं म्हणतात, थोडे तसं, वादळ पश्चिमेला, तरी लाटा...

"माका ता काय कळणा नाय. एकच सांग. उजवी काय डावी?"

मी म्हटलं असं नसतं. तो म्हणाला, देवी सुद्धा इतके आढेवेढे घेत नाही. पुढे म्हणाला, देवीला नारळ लागतो, तुला काय लागतं? मी म्हटलं मला शांतता लागते. हसला. मीही हसले. बस चुकत होती. चप्पल घालत होते.

म्हटलं, "उजवी."

११ ऑक्टोबर, शनिवार

बा. पहाटेच गेला. सु.ने कळवलं.

सकाळी तरंगक, आमचं समुद्रात सोडलेलं मोजणारं यंत्र, वर आला. दहा दिवसांतून एकदा समुद्राच्या पोटातून वर येतो, खालच्या पाण्याची उष्णता आणि खारटपणा कळवतो. आपल्या समोरच्या भागात हा एकच. त्याचे आकडे बघून गावसने खुर्ची माझ्याकडे वळवली फक्त.

वरचं पाणी गोडं. नेहमीपेक्षा फारच गोडं. यंदा पाऊस हटला नाही, नद्यांनी लाल पाणी ओतायचं थांबवलं नाही, ते सगळं खाऱ्यावर तेलासारखं पसरून बसलंय. हलकं पाणी बुडत नाही. वारा कितीही घुसळो, खालचं थंड वर येणारच नाही. म्हणजे ताट थंड पडणार नाही.

आणि आम्ही मॉडेलात काय घातलं होतं? सरासरी. वर्षानुवर्षांचा सरासरी खारटपणा. सगळेच घालतात. बहुतेक वर्षी चालतो.

बाजारात पाणी शिरलंय असं गावस बुधवारी सांगत होता. मी त्याला रन लाव म्हटलं.

खरे आकडे घालून रन परत लावला. वादळ बसत नाही. गोव्यासमोर येऊन वाढतं.

फोन लावत राहिले. शेवटी लागला, किनारा अजून दिसत होता म्हणाला.

"बाबल, परत फिर. आकडे बदलले."

"बदालले? काल तूच सांगलंस मगे, उजवी."

"काल जे माहीत होतं त्यावरून सांगितलं. आज नवीन कळलंय. डावी म्हण हवं तर. डावी!"

"ताई, एकदा उजवी पडल्यावर परत कोण विचारता? परत विचारला तर देवी रागावता. मगे ती डावीच देतली."

"मी देवी नाही!"

"होय गो. देवी अशी बोंब मारणा नाय."

मग जरा गंभीर होऊन म्हणाला, बर्फ भरलाय. खलाशी इतके दिवस बसून होते. आज फिरलो तर उद्या माझा शब्द कोण ऐकणार? दोनदा जाळं टाकतो आणि येतो. "तू पेज जेव आनी..."

तिथे तुटला. त्यानंतर लागला नाही.

आम्ही दर सहा तासांनी विचारतो. सगळं शास्त्रच त्यावर. जुनं उत्तर टाकून द्यायची आम्हाला लाज नसते. त्याच्याकडे उत्तर एकदाच येतं आणि ते पाळायचं असतं. हे मला ठाऊक होतं. त्याच घरात वाढले. तरी उत्तर दिलं आणि त्याची मुदत सांगितली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सरकारी सूचना आली, सगळ्या बोटींनी परत यावं. शापोऱ्याला गेले. जेटीवर बोटी येतायत, दोऱ्या बांधतायत. प्रत्येकाला विचारलं. वायरलेसवर बोलावतोय म्हणाले, लांब गेलं की वायरलेस मुका होतो. एका तांडेलाने परवा त्याला बघितलं होतं. "वायव्येक हुतो तो. बांगडो लागलो हुतो त्येका, कशाक येता तो?"

परवा म्हणजे परवा नाही, काल. लोकांना दिवस कळत नाहीत.

तिथून मोरजीला सु.कडे. सांगितलं, मी जा म्हटलं म्हणून गेला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "तुम्ही नको म्हटला असतास तरी ह्ये गेले असते." खोटं बोलली. नको म्हटलं असतं तर गेला नसता. दोघींना माहीत आहे.

तिने मला जेवायला वाढलं. जेवले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वादळ वाढतंय. आमच्या शनिवारच्या रनसारखंच, पावलावर पाऊल ठेवून. संचालक खोलीत आले, पडद्यावर वाकले. "सुंदर! इतका ताळा क्वचित जमतो. यावर पेपर होईल." माझा भाऊ त्याच समुद्रात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. खुर्ची ओढून बसले, मग उठले, मग पाणी मागवलं माझ्यासाठी. मी म्हटलं पाणी नको, सरकारी पूर्वानुमानवाल्यांना आमचे आकडे पाठवायची परवानगी द्या. दिली लगेच. पाठवले. त्यांनी घेतले, आभार मानले.

समुद्रातल्या माणसाला त्याचा काय उपयोग.

गावस घरी जायला तयार नाही. त्याला म्हटलं, साखळीची शेवटची बस जाईल. म्हणाला, "जाऊ दे, मॅडम. मी उशिरा आलो की तुम्ही ओरडता, आता थांबतो तरी ओरडता."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वारा. पेडण्यात वीज नाही. समोरच्यांचा माड त्यांच्याच गोठ्यावर. जनेलाची झडप एका हाताने धरून दुसऱ्याने हे लिहिते आहे.

सकाळी शापोऱ्याहून निरोप. सर्वात शेवटी आलेल्या बोटीने वायरलेसवर बा.चा आवाज ऐकला. इंजिन बंद पडलंय, डिझेलात पाणी गेलंय, एवढं कळलं. जागा सांगितली त्याने, त्यांनी लिहून घेतली. मग खरखर.

ती जागा मॉडेलने समुद्रावर आखलेल्या कुठल्या चौकटीत पडते ते मला नकाशा न बघता कळतं. त्या चौकटीतला वारा किती तेही.

लिहिणार नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वादळ वर गेलं. पाऊस नुसता.

काही नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सु. देवळात जायचं म्हणाली, गेले सोबत. दुपारची वेळ, कोणी नव्हतं. गुरव म्हातारा आहे, मला ओळखलं. "तांडेलाची शिकलेली बहीण ना तू? दुसऱ्या कोणाला विचार म्हणून मीच धाडलं होतं त्याला." माझ्याकडे बघेना. मग फुलं काढायला लागला. "प्रसाद लावूया. एकदा विचारूया, खंय आसा तो."

पाकळी ओली करून देवीला लावायला हात उचलला आणि सु.ने माझं मनगट धरलं. इतकं जोरात की बांगडी रुतली.

"नको. नको, ताई. विचारू नका."

"का?"

"डावी पडली तर मी घराक कशी जाव?"

गुरवाने पाकळी हातातच ठेवली. बराच वेळ. मग तबकात परत ठेवली.

बाहेर येऊन तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, तुमच्या मशीनला विचारलंत का? मी म्हटलं वादळ विचारते. माणूस विचारला नाही. म्हणाली, माणूस विचारता येतो? मी चपला घालायला वाकले.

येतो. इंजिन नसलेली बोट म्हणजे वारा आणि प्रवाह यांच्या हातातलं लाकूड. वारा माझ्याकडे आहे. प्रवाह माझ्याकडे आहे. दोन दिवस मी हे का केलं नाही? कारण उत्तर येईल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

केलं. मंगळवारच्या जागेवरून बोट सोडली. एक नव्हे, पुष्कळ, थोड्या थोड्या फरकाने, सगळ्या वाहू दिल्या. काही उलटतात का, हे मॉडेल सांगत नाही. ते कुठलंच मॉडेल सांगत नाही.

तटरक्षकांच्या कार्यालयात नेऊन दाखवलं. अधिकारी तरुण आहे, शांत. नकाशा उघडला. त्यांच्या तक्त्याप्रमाणे या दिवसांत किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे, म्हणून ते कारवारच्या बाजूला शोधतायत. दोन दिवस. चूक त्यांची नाही. तक्ता बरोबर आहे. सरासरीचा तक्ता.

मी सांगितलं, यंदा वर गोड्या पाण्याचा पातळ थर आहे. वाऱ्याचा सगळा रेटा त्या थरालाच बसतो, खाली झिरपत नाही. म्हणून तो थर घसरत जातो, भराभर, वादळाच्या मागे. उत्तरेकडे. तुम्ही धरताय त्याच्या दुप्पट अंतर. वेंगुर्ल्याच्याही वर.

त्याने सगळं ऐकलं. प्रश्नही बरोबर विचारले. शेवटी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, विमान एकच आहे. दुसऱ्या बोटीही बेपत्ता आहेत. मला टक्केवारी सांगू नका. एकच सांगा. उत्तर की दक्षिण?"

पाणी मागितलं, प्याले. त्याला वाटलं असेल बाई वयस्कर आहे.

म्हटलं, "उत्तर. पण उद्या सकाळी नवीन रन येईल. तो वेगळं बोलला तर मी फोन करीन, आणि तुम्ही ऐकायचं. आज उत्तर म्हटलं म्हणून उद्याही उत्तर, असं करायचं नाही. कबूल?"

"कबूल," म्हणाला. जरा चमकून.

या वेळी मुदत सांगितली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळचा रन, उत्तरच. फोन केला. विमान गेलं, ढग खाली होते, अर्ध्यातून फिरलं.

दुपारी रेडीच्या किनाऱ्यावर मासे ठेवायची थर्मोकोलची पेटी लागली. मोबाईलवर फोटो आला. झाकण फाटलेलं, कापडाच्या नाडीने आवळून बांधलेलं. सु.ला दाखवला. तिने फोटो बोटांनी मोठा केला, परत लहान केला.

"माझ्या परकराची नाडी. मीच दिल्लंय, पेटी मोडली म्हणून."

मग म्हणाली, "रेडी उत्तरेक ना?"

उत्तरेला. गावसला कळवलं तर फोनवर ओरडला, "मॅडम, बरोबर आलं! प्रवाह बरोबर आला!" आणि मग एकदम "माफ करा, मॅडम."

माफ कसलं करायचं. माझ्याही मनात आधी तेच आलं होतं. एक क्षण. प्रवाह बरोबर. मग पेटी कोणाची ते आठवलं.

पेटी रिकामी होऊन वाहिली की फेकली? बोट हलकी करायला फेकतात. बोट फुटली तरी पेटी वाहते. पेटी तेवढंच सांगते, पाणी कुठे गेलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

विमानाने वेंगुर्ल्याचा भाग बघितला. काही नाही. माझ्या हिशोबाने आज तिथे बघायचं नव्हतंच, आणखी वर बघायचं होतं. पण ढग तिथे. मी फोनवर आवाज चढवला. त्या अधिकारी मुलाने ऐकून घेतलं. नंतर मीच परत फोन केला, म्हटलं ओरडायला नको होतं. म्हणाला, "माझी आईही अशीच बोलते, मॅडम."

मोरजीत दुसऱ्या एका बोटीची माणसं परत आली, देवगडला लागली होती. त्या घरी फटाके. बाकी वाडा गप्प.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पोरांनी तरीही नरकासुराचा पुतळा केला. पावसाने कागद भिजून तोंड छातीवर लोंबत होतं, सकाळी जाळायला गेले तर पेटेना. रॉकेल ओतून पेटवला.

सु.ने फोव, दिवाळीचे पोहे, केले नाहीत. शेजारच्या घरातून आले, गुळाचे, ताकातले, नारळाच्या रसातले. वाट्या ओळीने ठेवल्या तशाच. कुलेर, साधा चमचा सुद्धा कोणी लावला नाही. मी दटावलं, खाल्लं पाहिजे. तिने माझ्यापुढे वाटी सरकवली. "तुम्ही आधी." एक घास खाल्ला. मग तिने एक. मग मी. असे आम्ही फोव संपवले, भांडल्यासारखे.

अधिकाऱ्याचा फोन. उद्या हवा मोकळी आहे. विमान उद्या जाईल. त्यानंतर, म्हणाला, वरून आदेश येईल तसं. वाक्य त्याने तसंच सोडलं. मी पूर्ण करायला लावलं नाही.

पिण्याचं पाणी किती होतं बोटीवर, सु.ला विचारलं. निळं पिंप भरून होतं. पाऊसही पडलाय, म्हणाली, ताडपत्रीत साठवता येतं. त्याला येतं ते. त्याला सगळं येतं, तिचं म्हणणं, फक्त परत फिरता येत नाही.

घराबाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "उद्या माका तुमच्या हापिसात व्हरा."

"तिथे काय करणार तू? बघण्यासारखं काही नाही. आकडे असतात."

"बसतलंय."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पहिल्या बसने दोघी. मांडवीच्या पुलावरून तिने खाली बघितलं. पाणी अजून लाल.

संगणकाच्या खोलीच्या दारात तिने चपला काढल्या. गावस म्हणाला, "वहिनी, चपला चालतात इथे." तिने ऐकलं नाही. थंड फरशीवर अनवाणी आत आली, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. गावसने आपली खुर्ची दिली तेव्हा बसली.

रात्री तरंगक परत वर आला होता. वेळेवर, दहा दिवसांनी. नवे आकडे. गोडा थर अजून आहे, पण वाऱ्याने किंचित ढवळलाय. म्हणजे बोटीचा वेग बदलतो. दिशाही थोडी बदलेल. किती, ते रन केल्याशिवाय कळणार नाही. विमान उडायला अवकाश आहे, पण फार नाही.

अधिकाऱ्याने फोनवर विचारलं, "कालचीच जागा धरून जाऊ? पायलट तयार आहेत." मी म्हटलं थांबा. पण आयुष्यात पहिल्यांदा मलाच नवा रन नको होता. कालच्या उत्तरात तो जिवंत होता. माझ्या मनात तरी. मालवणच्या समोर, एका चौकटीत, ताडपत्रीखाली बसलेला, माझ्या नावाने विनोद करत. आज परत विचारायचं म्हणजे ती चौकट पुसायची. नवी कदाचित खडकांवर निघेल. कदाचित भर समुद्रात, जिथे विमान पोचत नाही.

गावस वाट बघत होता. "मॅडम? कालचंच देऊ?"

आयुष्यभर मी या खोलीत एकच गोष्ट शिकवली, जुनं उत्तर टाकून द्यायची.

मागून सु. म्हणाली, "ताई. परत विचारा."

वळून बघितलं. देवळात जो हात माझ्या मनगटावर होता तो तिने आता स्वतःच्या गुडघ्यावर दाबून धरला होता.

"डावी पडली तर?"

"पडांदे. खंय बघूचा ता तरी कळतला."

रन लावला.

आता हे लिहिते आहे, पडद्यावर ओळी सरकतायत. अधिकारी फोनवर आहे, फोन टेबलावर उताणा ठेवलाय, त्याच्या बाजूने पंख्याचा आवाज येतोय. तो काही विचारत नाही. शहाणा आहे. गावस नखं खातोय. सु. पडद्याकडे बघते आहे, पापणी न हलवता, लहानपणी आई देवीकडे बघायची तशी. तिला त्यातलं अक्षर कळत नाही. मला सगळं कळतं आणि मी वहीत बघते आहे.

"काय सांगता मशीन?" तिने आत्ता विचारलं.

म्हटलं, "अजून चाललंय."